प्रवाशांसह वजन

"तुझं वजन किती?"

"चोपन्न."

"खरं सांग की."

"चोपन्नच हाय."

"त्रिशला, ह्याला वजन कमी सांगितलं की घोडे पण कमी येतात."

"एकोणसाठ."

अभिनंदननं फोनमध्ये एकोणसाठ घातले. आठशे पन्नास गाडीचे, अठ्ठ्याहत्तर त्याचे, एकोणसाठ माझे. पडद्यावर तळाला एक ओळ उमटली. प्रवाशांसह एकूण वजन, ९८७ किलो. ॲप इंग्रजीत होतं. मी मराठीत लिहिते आहे.

"पाच किलो कुठं लपवलेले?" त्यानं विचारलं.

"तू गाडी चालव."

खिडकीबाहेर दस्तगीर मिस्त्री वाकून उभे होते. ते हसले. "वैनी, गाडी कुठं तोलली ते इचारा त्याला. उसाच्या काट्यावर! तिथं आठशे पन्नास दावली म्हंजे खरी नऊशे असंल."

"चाचा, भंगारवाल्याच्या काट्यावर पण तोलली. तिथं पण आठशे पन्नासच भरली."

"भंगारवाला तर लईच सज्जन."

हे ॲप गाडीची ताकद मोजायचं. इंजिनाला कुठे वायर जोडावी लागत नव्हती. फोन काचेमागच्या पकडीत घट्ट बसवायचा, गाडी आणि आतली माणसं यांचं मिळून वजन सांगायचं आणि उभ्या गाडीपासून शंभराच्या वेगापर्यंत पूर्ण जोरात जायचं. एवढं वजन एवढ्या लवकर पळालं म्हणजे इंजिनात एवढे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, असणार, असा त्याचा हिशेब होता. वेग ते स्वतः मोजायचं. वजन त्याला मोजता येत नव्हतं. जे सांगाल ते खरं धरून चालायचं.

काय ठरलं होतं

मला पुण्यात खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. फेब्रुवारीच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. मी जाणार हे नक्की होतं. अभिनंदन माझ्याबरोबर येणार का, हे नक्की नव्हतं.

तो आधी एका सहकारी बँकेत संगणक सांभाळायचा. ती नोकरी सोडून दीड वर्ष दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये आमची पांढरी गाडी उघडून बसला होता. कंपनीतून आली तेव्हा तिच्यात सत्तरच्या आसपास घोडे होते. मिस्त्रींना कॉम्प्युटर समजणारा भागीदार हवा होता, पण त्यांच्या उस्तादांचा एक नियम होता. गॅरेजात यायचं त्यानं एक इंजिन एकट्यानं बांधायचं. शंभरावर गेलं तर आकडा आणि नाव मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहायचं. भिंतीवर तेव्हा तीन आकडे होते. एक उस्तादांचा, एक मिस्त्रींच्या थोरल्या भावाचा, एक त्यांचा.

ताकद मोजायचं खरं यंत्र वेगळं असतं. त्याला डायनो म्हणतात. गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवायची. ते आमच्या जवळपास नव्हतं. पुण्यात होतं. अभिनंदन त्यासाठीही पुण्याला जायला तयार नव्हता.

जेवताना तो म्हणाला होता, "शंभर आले तर मी हितं. न्हाई आले तर मिस्त्रींना नमस्कार करतो, सामान भरतो, तुझ्याबरोबर येतो. तिथं काय, कुठलीबी बँक घेईल मला."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? तुला काय वाटतंय?"

"वाढू का अजून?"

(त्याच्या आठवडाभर आधी मी पुण्यात घर बघून आले होते. दलालानं विचारलं होतं, "किती जण राहणार?" मी म्हणाले, "एक." मग म्हणाले, "म्हणजे, दोन." त्यानं दोन लिहून घेतले.)

फेरी पहिली, जाताना

शिरोळकडच्या बाजूला एक बायपास अर्धा होऊन थांबला होता. डांबर पडलं होतं, पांढरे पट्टे मारायचे राहिले होते आणि एका टोकाला तो रस्ता सरळ उसात जाऊन संपत होता. शेतकऱ्यांशिवाय कुणी त्यावरून जात नव्हतं. जानेवारीतली सकाळ. धुकं उठून गेलेलं. मिस्त्री अलीकडच्या टोकाला सिमेंटच्या पाइपवर बसले, गुडघा सरळ करून.

वाटणी अशी होती, की त्याची नजर रस्त्यावर आणि माझी फोनवर.

"तयार म्हणतंय," मी सांगितलं.

"पट्टा लावलास?"

"लावला."

"डोकं मागं टेकव."

पुढचं मला पाठीतून आठवतं. सीट मागून ढकलत होती. मी आकडे वाचत होते. तीस, पन्नास, सत्तर. गिअर बदलताना एक हिसका, मग पुन्हा ढकलणं. नव्वद. शंभर.

"झालं," मी म्हणाले.

त्यानं ब्रेक लावला. ऊस पुढे आला आणि थांबला.

"किती?"

"शहाण्णव."

तो गाडी वळवायला लागला.

फेरी पहिली, येताना

चौऱ्याण्णव.

रस्ता सपाट दिसतो. सपाट नसतो. म्हणून एकदा जाताना मोजायचं, एकदा येताना, आणि दोन्हींची सरासरी धरायची. हा नियम ॲपचा नव्हता, अभिनंदनचा होता. या बाबतीत तो फार काटेकोर होता.

"पंच्याण्णव," त्यानं मिस्त्रींना सांगितलं.

"पाच कमी."

"पाचच."

"पाच घोडी म्हंजे पाचच व्हय रं? सर्कस हुतीया."

मी विचारलं, "स्टेपनी काढून ठेवूया का? गाडी हलकी होईल."

अभिनंदननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं आहे. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करत होते, त्यामुळे ते बघणं मला ओळखू आलं. "स्टेपनी काढली तर वजन पण कमी सांगायला लागतंय. पळंल जोरात, पण आकडा तोच येणार. घोडे इंजिनात असतात, डिकीत न्हाई."

"मग राहू दे. सांगतो आपलं काहीतरी."

आमच्या भागात बायकाही बोलताना 'सांगते' म्हणत नाहीत, 'सांगतो' म्हणतात. पुण्यात ते माझं पहिल्या महिन्यात गेलं.

चहा

त्यानं बॉनेट उघडलं, लॅपटॉपची वायर जोडली आणि त्यात डोकं घातलं. इंजिन गार व्हायला वेळ द्यायचा होता. मी थर्मासमधला चहा काढून मिस्त्रींना दिला.

"वैनी, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमाला काय पायजे? शंभर, का कमी?"

"असतील तेवढे."

"असं कुणी बोलतंय व्हय?"

"मग काय सांगू?"

"आमच्या घरात इचारलं असतं तर बायकोनं कानफाडात दिली असती. म्हणली असती, शंभर येऊ देत न्हाईतर दोनशे, सामान भर." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमी तराजूच हाय की. ह्या पारड्यात न्हाई, त्या पारड्यात न्हाई."

"चहा गार होतोय, चाचा."

"काय कुजबुज चाललीया?" बॉनेटमागून आवाज आला.

"तुझी लायकी काढतोय," मिस्त्री म्हणाले. "पाच घोडी कमी भरली."

फेरी दुसरी, जाताना

रद्द.

(उसातल्या गाडीवाटेवरून ट्रॅक्टर बाहेर आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही भरलेल्या. आमचा वेग तेव्हा नव्वदच्या पुढे होता. अभिनंदननं ब्रेकवर पाय दिला, मी हात पुढे टेकवले, गाडी थोडी तिरकी झाली आणि ट्रॉलीपासून चांगल्या अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन चालू ठेवूनच खाली बघितलं.

"शर्यत लावलासा व्हय?"

"न्हाई, मोजायलोय," अभिनंदन म्हणाला.

"काय मोजतासा?"

"गाडी."

तो माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, मरायचं तर घरात मरा. आमच्या उसात कशाला?" आणि निघून गेला. दोन ट्रॉल्या जायला बराच वेळ लागला.

ॲपला ट्रॅक्टर दिसला नव्हता. त्यानं तेवढ्यात त्या ब्रेकचाही आकडा काढला आणि खाली लिहिलं: अभिनंदन! तुमचा आजवरचा सर्वोत्तम ब्रेक.

"मराठीत केलं तर तुला नावानंच हाक मारतंय," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.)

फेरी दुसरी, येताना

जाताना रद्द झाली तर येताना मोजून उपयोग नाही. सावकाश परत आलो.

मिस्त्री उठून उभे राहिले होते. त्यांनी लांबून सगळं बघितलं होतं. "बास करा आता. परत कधी तरी."

"परत कधी? तिला तीस तारखेला जायाचं हाय."

"मग त्या टोकाला कुणी तरी उभं ऱ्हावा. ट्रॅक्टर आला तर थांबवाय पायजे का नको? मी गेलो असतो, पर हा गुडघा..."

आम्ही तिघंच होतो. एक गाडीत लागणार होता, एकाचा गुडघा दुखत होता.

"मी उतरतो," मी म्हणाले. "फोन काय, तू नंतर बघ. आकडा जातोय कुठं?"

अभिनंदननं मला उसाच्या टोकाला नेऊन सोडलं. माझी ओढणी लाल होती. ट्रॅक्टर येत असेल तर ओढणी वर धरायची, वाट मोकळी असेल तर खाली. फोन करायचा नाही, कारण मोजत असताना फोन आला तर मोजणी थांबते.

"उसात जाऊ नको आत," तो म्हणाला. "कडेला थांब."

"थांबतो."

"आणि त्रिशला..."

"काय?"

"काय न्हाई. ओढणी नीट धर."

तो गाडी वळवून सुरुवातीच्या टोकाकडे गेला.

फेरी तिसरी, जाताना

त्या टोकाला उभं राहिल्यावर रस्ता वेगळा दिसतो. गाडी लांब, पांढऱ्या खडूच्या तुकड्याएवढी. मिस्त्री दिसतच नाहीत. उसात कोयत्यांचे आवाज. कुणीतरी बाई कुणाला तरी हाका मारत होती, "सुमे, पानी आण, सुमे." सुमी ओ देत नव्हती.

मी गाडीवाटेकडे बघितलं. ट्रॅक्टर नव्हता. ओढणी खाली केली.

आधी गाडी मोठी व्हायला लागली, आवाज मागून आला. आत बसल्यावर तो आवाज कळत नाही, कारण आपण त्याच्यात असतो. बाहेरून तो बराच मोठा होता. माझ्या अलीकडे ब्रेक लागला, नाक खाली गेलं, आणि गाडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गरम रबराचा वास आला.

खिडकी

त्यानं काच खाली केली. फोन पकडीतून काढून हातात घेतला होता.

"एकशे दोन!"

"बघू."

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. मी वाकून बघितलं. तोही बघत होता. कोयते चालू होते.

मग मी सरळ उभी राहिले, गाडीवाटेकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"रस्ता मोकळा हाय," मी म्हणाले. "जा."

"परतीची करून येतो. मग घ्यायला येतो तुला."

"हां."

त्यानं फोन पकडीत बसवला. काच वर केली.

फेरी तिसरी, येताना

ती गाडी पळताना मी त्या दिवसापर्यंत बाहेरून बघितली नव्हती. मागून बघितली नव्हतीच. मागच्या काचेवरची धूळ तो पुसत नसे. निघताना मागची बाजू दबली, थोडा काळा धूर आला, आणि गाडी लहान होत गेली. नंबर वाचता येईनासा झाला. मग रंग नुसता. मग रस्त्याच्या टोकाला एक ठिपका थांबला.

सुमी पाणी घेऊन आली होती. तिला शिव्या बसत होत्या.

मी ओढणी खांद्यावर घेतली आणि वाट बघितली. तो घ्यायला येणार होता. आला नाही. लांबवर ठिपक्याच्या बाजूला दोन लहान ठिपके एकमेकांना धरून हलत होते. मी चालत निघाले. नवीन डांबरावरून चालायला बरं वाटत होतं. एरवी अशा रस्त्यावर कुणी चालत नाही.

सरासरी

"शंभर!" मी पोचायच्या आधीच अभिनंदन ओरडला. "येताना शंभर. जाताना एकशे दोन. एकशे एक!"

मिस्त्रींनी त्याला एका हातानं धरलं होतं, दुसऱ्या हातानं ते माझ्या दिशेला नमस्कार करत होते. "वैनी, माफ करा. आमी घ्यायला याचं इसरलोच."

"असू दे, चाचा."

"लॅपटॉपवर जे बदललं त्येचा गुण," मिस्त्री म्हणाले. "का थंड झाल्याचा? काय रं?"

"दोन्हीचा," अभिनंदन म्हणाला. त्यानं फोन खिशात ठेवला. मला विचारलं, "दमलीस काय चालून?"

"न्हाई."

त्याच दिवशी गॅरेजात मिस्त्रींनी निळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. शिडी मी धरली. अभिनंदननं स्वतःचं नाव आणि आकडा लिहिला. एकचा पाय जरा लांब गेला, त्यावर मिस्त्री म्हणाले, "बँकेत सही अशीच करत हुतास काय?"

तीस तारखेला त्यानं मला पुण्याच्या बसमध्ये बसवलं. दोन बॅगा, एक मिक्सर. खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

(इथला भाग मी काढला आहे)

शनिवार. मग महिन्यातला एक शनिवार. मग दिवाळी. मग वकील, तोही चांगला माणूस होता, दोघांचा एकच. कुणी कुणाला काही बोललं नाही, त्यामुळे परत घेण्यासारखंही काही नव्हतं. आई म्हणाली, "भांडला असता तर मिटलं तरी असतं."

येताना

नऊ वर्षांनी त्याचा फोन आला. पुण्यात आलो आहे, तासभर मोकळा आहे, येऊ का. मी पत्ता सांगितला.

मी खाली गेले तेव्हा तो गाडीतून उतरत होता. गाडी नवी होती, मोठी. केस मागे गेले होते. पोट आलं होतं. शेजारच्या सीटवर गोणपाटात बांधलेली गुळाची ढेप होती, आणि तिला सीटचा पट्टा लावलेला होता.

"ढेपेला पट्टा?"

"न्हाई लावला तर गाडी बोंबलतीया. सीटवर वजन ठेवलं की तिला वाटतंय माणूस हाय. सांगलीपासनं पेठपर्यंत बोंबलली, मग लावून टाकला."

"मागं ठेवायची."

"मागं मशीनचे भाग येणार हायत. म्हणून तर आलोय." तो थोडा थांबला. "डायनो घेतोय. जुना हाय, पण चांगला हाय. इथलं एक गॅरेज बंद झालं, ते विकायलेत."

"डायनो घ्यायला पुण्याला आलास."

"आलो की."

दोघंही हसलो. वर येऊन त्यानं चहा घेतला, बिस्किटं खाल्ली नाहीत, साखर बंद आहे म्हणाला. मी म्हटलं, मग गूळ कुणाला आणलास. तो म्हणाला, तुला. मिस्त्रींचं विचारलं. मिस्त्री बरे होते. दुसरा गुडघाही गेला होता. मुलगी पहिलीत आहे म्हणाला. फोटो दाखवला. मी बघितला. चांगली होती, पुढचे दात पडलेली.

"ती पांढरी विकलीस?" मी विचारलं.

"न्हाई विकली. शेडमध्ये हाय. डायनो बसला की पहिल्यांदा तीच चढवणार."

"किती येतील?"

"पंच्याण्णव," तो लगेच म्हणाला.

मी कप खाली ठेवला.

खिडकी, पुन्हा

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. मी वाकून बघितलं.

वर मोठ्या अक्षरात १०२. त्याखाली वेळ. त्याखाली, तळाला, बारीक अक्षरात: प्रवाशांसह एकूण वजन, ९८७ किलो.

त्यातले एकोणसाठ किलो उसाच्या कडेला उभे होते.

मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई आहे. हा हिशेब करायला मला कागद लागला नाही. फोन समजत होता, की अजून मी आत आहे आणि इंजिन मलाही ओढतं आहे. मला काढलं, की वरचे घोडेही जात होते. गाडी होती तेवढीच होती. पंच्याण्णव, जरा इकडेतिकडे.

त्याचा अंगठा पडद्याच्या कडेला, बरोबर त्या ओळीखाली होता. नखात ग्रीस होतं.

मी वर बघितलं. तो फोनकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी तीन शब्द बोलायचे होते, 'वजन बदल की.' त्यानं बदललं असतं. याची मला खात्री आहे. स्टेपनीचं वजनसुद्धा लपवायला तयार नसलेला माणूस होता तो. त्यानं बदललं असतं, परत एक फेरी मारली असती, मिस्त्रींना नमस्कार केला असता आणि सामान भरलं असतं.

मी गाडीवाटेकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं.

येताना (पुढे)

"एकशे एक न्हाई?" मी विचारलं.

"तुला दिसलं हुतं न्हवं? तेव्हा?"

"हो."

"मला पण. तुझ्याकडं बघितलं तेव्हाच. त्याच्या आधी खरंच ध्यानात न्हवतं." त्यानं कप फिरवला. "म्हटलं, तू सांगशील. मग तू म्हणालीस, रस्ता मोकळा हाय."

"मोकळाच होता."

"हुता की."

खाली कुणीतरी पार्किंगवरून भांडत होतं. आम्ही दोघांनी ते थोडं ऐकलं.

"मिस्त्रींना कधी सांगितलंस?"

"तू बसमध्ये बसलीस, त्याच दिवशी. स्टँडवरनं सरळ गॅरेजात गेलो. म्हटलं, चाचा, आकडा खोटा हाय, पुसा."

"मग?"

"म्हणाले, ऑइलपेंट हाय, निघत न्हाई. पाना घे."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग ते थांबलं.

"बोलली असतीस तर आलो असतो मी," तो म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

त्यानं मान हलवली. घड्याळ बघितलं, उठला, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला.

खाली जाऊन त्यानं पट्टा सोडला आणि ढेप उचलून माझ्या हातात दिली. जड होती.

"किती किलोची?"

"दहा. काट्यावर नऊच भरंल."

तो गाडीत बसला. आमच्या सोसायटीचं फाटक अडचणीचं आहे. बाहेर नेहमी कुणाचा तरी टेम्पो उभा असतो, आणि मागे घेताना रस्ता दिसत नाही. त्यानं काच खाली करून मागे वळून बघितलं, पुन्हा पुढे बघितलं. त्याला काही दिसत नव्हतं.

मी ढेप पायरीवर ठेवली, फाटकाबाहेर रस्त्यावर गेले आणि दोन्हीकडे बघितलं. एक रिक्षा येत होती. हात वर करून तिला थांबवलं.

"ये," मी म्हणाले. "ये मागं. मोकळा हाय."